परसातले पाच टाक

मार्गासनीच्या धोंडाबाईला कुणी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढे, पण जेवायला बसायची वेळ आली की उभ्यानंच चार घास खाऊन मोकळी. देवळात कीर्तनाला गेली तर खांबाला टेकून उभी. बायका म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी हाय." भिंगरी कसली! बाईचे पाय बाईच्या मालकीचे राहिले नव्हते, आणि ज्याचे पाय दुसऱ्याच्या कामाला लागलेत त्यानं बसायचं तरी कुठल्या हक्कानं?

धोंडाबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. अधिक महिन्यात झाली म्हणून नाव धोंडा पडलं, आणि पाय आधी आले म्हणून पुढचा सगळा जन्म ठरून गेला. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस तिच्या बापाच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा, आणि पाच वर्षांची धोंडी त्याच्या कंबरेला डाव्या पायानं तीनदा हलकी लाथ मारायची. एरवी कुणाला पायरी चढू न देणारा पाटीलही एकदा असा पालथा पडून लाथ खाऊन गेला. पण आभाळ गडगडायला लागलं की हीच माणसं तिला झाडाखाली उभी राहू देत नसत. वीज पायाळूला शोधत येते म्हणतात. पाठ दुखली की ये गं बाई, आणि वीज चमकली की जा गं बाई, असा सगळा कारभार.

आणि तिसरी गोष्ट. पायाळू माणसाला जमिनीत पुरलेलं धातूचं काहीही पायांतून कळतं, असं आमच्या खोऱ्यात सगळे मानतात. कसं कळतं ते कुणी सांगत नाही. कुणी म्हणे तळवे जळजळतात, कुणी म्हणे अंगठा आपोआप वळतो.

या तिसऱ्या गोष्टीपायी तिचं लग्न झालं.

अंबूबाई तिला पाहायला आली तेव्हा धोंडी बारा वर्षांची होती. दुसऱ्या सासवा पोरीचे केस बघतात, दात बघतात, चालवून बघतात. अंबूबाईनं तिला पाटावर बसवलं आणि भाकरी उलटून बघावी तसे तिचे तळवे उलटे करून बघितले. मग तिच्या आईला म्हणाली, "मला रूप नगं, का हुंडा नगं. माजं देव तेवढं घावायला पायजेत." आईला वाटलं, चला, पोर फुकटात खपली. फुकट काही नसतं, हे त्या माउलीला कुणी सांगावं!

देवांची हकिगत अशी. प्लेगच्या साली सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं. रिकाम्या गावात भुरटे फिरायला लागले. अंबूबाई तेव्हा विशीतली, कडेवर वर्षाचा रखमाजी. ती आधी माळावर गेली. तिचा नवरा एक दिवस मागे राहिला आणि देव्हाऱ्यातले चांदीचे पाच टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकून उठवलेले घराण्याचे पाच देव, त्यानं घरामागच्या परसात पुरले. संध्याकाळी माळावर आला तो ताप घेऊनच. काखेत गाठ. तिसऱ्या दिवशी आटोपला. शेवटी एवढंच बोलला, "देव परसात हायती. लोखंड लावू नगा." परसात कुठं, ते सांगायला त्याला श्वास पुरला नाही.

त्या दिवसापासून त्या परसात लोखंड गेलं नाही. कुदळ नाही, पहार नाही, साधं खुरपं नाही. खंडित देव पुजायचा नसतो, त्याला नदीत सोडावं लागतं. तेव्हा एखादा घाव देवाला लागला तर पिढ्यानुपिढ्यांचं दैवत हातचं जायचं. शेजारच्या परसांत दुधी, घोसाळी मांडवावर चढायची; यांच्या परसात नुसतं रानगवत, एक म्हशीचा गोठा आणि म्हशीला पाणी पाजायची दगडी डोण. भाजी शेजाऱ्याकडून मागून आणायची, पण परसात कुदळ मारायची नाही. देव्हाऱ्यात पाच सुपाऱ्या मांडून त्यांनाच देव म्हणायचं. रखमाजीचं धोंडीशी लग्न त्या सुपाऱ्यांसमोर लागलं, त्याच्या लेकीचंही त्यांच्याचसमोर.

मग देव काढायचे कशानं? तर धोंडाबाईच्या पायांनी.

दर अवसेला सकाळी अंबूबाई सुनेचे पाय गोमूत्रानं धुवायची, डोळ्यांत काजळ घालायची आणि तिला परसाच्या कोपऱ्यात उभी करायची. "चाल." धोंडाबाई चालायची. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, पाऊल पावलाला लावून. जिथं ती थबकेल तिथं बाभळीच्या खुंटीनं उकरायचं, कोपरभर खोल. निघाला एकदा बैलाचा नाल, एकदा फुटकी चिलीम, बऱ्याचदा काहीच नाही. उन्हाळ्यात तळवे भाजायचे, पावसाळ्यात चिखल्या व्हायच्या. थबकली नाही तर अंबूबाई म्हणायची, "मन लावून चालत न्हाई." थबकली आणि काही निघालं नाही तर म्हणायची, "उगाच थांबती, दमली म्हणून." दोन्हीकडून मार. अशी बावीस वर्षं.

गंमत म्हणजे गावोगाव तिचं नाव झालं होतं. कामथडीला तिनं एका घरामागून तांब्याचा हंडा काढून दिला. वेल्ह्याकडं एका जुन्या जोत्यापाशी भाल्याचं गंजकं पातं निघालं, कुणा पूर्वजाचं म्हणून लोकांनी त्याला शेंदूर लावला. साडी-चोळी, नारळ, मान. पण ते कसं सापडायचं हे धोंडाबाईला पक्कं ठाऊक होतं. कुठं जमीन किंचित खचलीय, कुठं पावसानंतर पाणी आधी मुरतं, टाच आपटली की कुठं पोकळ वाजतं, ते ती डोळ्यांनी आणि कानांनी टिपायची. आणि घरातली म्हातारी माणसं ज्या कोपऱ्याकडं पुन्हा पुन्हा बघतात तो कोपराही. तळवे जळजळायचे ते उन्हानं. हे ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर लोक म्हणाले असते, मग तू पायाळूच नव्हंस. आणि पायाळू नाही तर सासरी आलीस कशाला?

घरच्या परसात ही विद्याही चालेना. पस्तीस वर्षं म्हशींनी तुडवलेली जमीन, खचलेली खूण कुठली राहायला! आणि गावची टवाळ माणसं म्हणायला मोकळी, "लोकाच्या परसात हंडं दिसत्यात, आन्‌ सोत्ताच्या घरचं देव दिसंनात." रात्री आडवी झाली तरी तिचे पाय घोंगडीखाली हलत राहायचे. रखमाजी भला माणूस, पण भल्या माणसांचा एक दोष असतो, ती गप्प बसतात.

त्या साली भात पिकायला आलं आणि अंबूबाईनं अंथरूण धरलं. अन्न तुटलं, दृष्टी गेल्यातच जमा, पण जीव जाईना. भावकीतला आनंदराव, अंबूबाईचा चुलत दीर, रोज येऊन ओट्यावर बसायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "वयनीचा जीव देवांत आडाकलाय. टाक डोळ्याम्होरं आल्याबगर सुटायचा न्हाई. पायाळू सून आणून काय उपेग झाला?" धोंडाबाई आत चुलीपाशी ऐकायची. म्हातारी सुखानं सुटत नाही त्याचं खापर आपल्या पायांवर फुटणार, आणि ती तशीच गेली तर ते टाक ओळखणारंही कुणी उरणार नाही. मग जन्मभर अवसेला चालत राहायचं, काय शोधतोय हे माहीत नसताना. तिला सुटायचं होतं. म्हातारीला जेवढं सुटायचं होतं त्याहून काकणभर जास्तच.

त्याच दिवसांत ती शिवऱ्याला लेकीकडं जाऊन परत येत होती. वाटेत जकातीच्या नाक्यावर गाडी थांबली. पुढं एक पेंढ्याची गाडी उभी होती, आणि नाक्यावरचा शिपाई हातातली लांब सळई पेंढ्यात खुपसत होता. खुपसली, काढली. खुपसली, काढली. पाचव्या-सहाव्या वेळी आतून टणकन आवाज आला. पेंढा उपसला तर आत पितळी भांड्यांचं बोचकं.

धोंडाबाईनं पदर सावरून विचारलं, "आत काय हाय ते तुमाला कसं कळलं?"

शिपाई हसला. "बाई, पेंढा काय बोलतोय? सळई बोलती. माती असो, धान्य असो, लोखंड येगळं वाजतं, पितळ येगळं, समदं मनगटात कळतं."

घरी येईपर्यंत ती गाडीतून उतरून गाडीच्या पुढं पुढं चालत होती. गाडीवान म्हणाला, "अवं बसा की!" कुठली बसते!

दुसऱ्या दिवशी गेनबा लोहार उसण भरली म्हणून आला. तीन लाथा मारून झाल्यावर धोंडाबाई म्हणाली, "गेनबादादा, मला दोन हात लांब सळई करून द्या. टोकदार. गोठ्यात घुशी लई झाल्यात." गेनबानं घुशींचं फार मनावर घेतलं नाही, पण सळई करून दिली.

भातकापणीचा दिवस. रखमाजी आणि गडीमाणसं खाचरात, घरात अंबूबाई एकटी अंथरुणावर. धोंडाबाईनं परसाचं दार आतून लावलं. जिथं पस्तीस वर्षं लोखंड गेलं नव्हतं तिथं ती सळई घेऊन उभी राहिली. तिनं मनात देवीला सांगितलं, आई, पाप लागलं तर मला एकटीला लाव. मग कोपऱ्यापासून सुरुवात केली. वीतवीत अंतरावर सळई रोवायची, अंगाचा भार द्यायचा, काढायची, भोकावर चिमूटभर भाताचा कोंडा टाकायचा. दगडाला लागली की खट्ट. मुळाला लागली की सळई अडकून बसायची. एक नाल निघाला. जुन्या मडक्याची खापरं निघाली. ऊन वर चढलं, कोंड्याच्या ठिपक्यांच्या ओळी गोठ्यापर्यंत पोचल्या.

दगडी डोणीच्या मागं, जिथून ती हजार वेळा चालून गेली असेल, तिथं सळई आधी काहीतरी मऊ फोडून आत गेली. कुजलेलं लाकूड असावं. तिनं सवयीनं भार दिला. आतून बारीक टिच्‌ असा आवाज आला आणि मनगटातून पार खांद्यापर्यंत गेला.

ती तशीच खाली बसली. मग दोन्ही हातांनी माती उपसायला लागली, खुंटी घ्यायचंही सुचलं नाही. तांब्याचा गडू निघाला. तोंडावरचं लाकडी झाकण भुगा झालेलं. आत काळे पडलेले टाक, एकावर एक ठेवलेले. घोड्यावरचा खंडोबा, काळूबाई, जानाई, हातात तलवार घेतलेला घराण्याचा वीर. आणि सगळ्यांत वर भवानी. तिच्या छातीतून सळई आरपार गेली होती.

बावीस वर्षं जे शोधलं ते सापडलं, आणि सापडता सापडता आपल्याच हातानं फुटलं. पाचवा टाक पुन्हा पुरून टाकावा, कुणाला कळणार होतं? पण अंबूबाईला पाच ठाऊक होते. बाकीच्यांना नुसत्या सुपाऱ्या ठाऊक. ती पदरात पाचही टाक घेऊन आत गेली.

"आत्याबाई, देव घावलं."

म्हातारी उठून बसली. आठ दिवस पाणी पाजायला मान उचलावी लागत होती, ती बाई आपण होऊन उठून बसली. तिनं एकेक टाक हातात घेतला आणि बोटांनी ओळखला. "ह्यो खंडेराया... ही काळूबाई... जानाई... ह्यो आमचा वीर." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग तिनं भवानी हातात घेतली, आणि तिचं बोट भोकावर थांबलं.

मग म्हणाली, "लोखंड?"

"व्हय. सळई घातली."

"कवा घातलीस?"

"आज सकाळी. पयल्यांदाच."

"सकाळी घातलीस आन्‌ दुपारपातुर घावलं?"

"व्हय, आत्याबाई."

धोंडाबाई मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या नाहीत. अंबूबाईनं चाचपडत तिचा हात धरला.

"मग म्या तुला बावीस वर्सं चालीवली ती कशापायी गं, धोंडे?"

धोंडाबाईला एकदम भडभडून आलं. राग आला, कीव आली, आणि कुणाचा राग आणि कुणाची कीव ते तिचं तिलाच कळेना. "तुमी चाल म्हनला, म्या चालले," एवढंच ती म्हणाली.

म्हातारीनं भवानीचा टाक परत तिच्या हातात कोंबला. "ह्यो कमरंला खोव. कुणाला दाखवू नगंस. उद्या नदीत सोड. बाकी म्या बगते."

तिन्हीसांजेला रखमाजी खाचरातून आला, भावकी जमली, ओसरी भरली. देव सापडल्याची बातमी खालच्या आळीपर्यंत गेली होती. चार टाक चिंचेनं घासून पाटावर मांडले होते, हळद-कुंकू वाहिलं होतं. आनंदरावानं टाक मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"वयनी, ह्ये चार हायती. पाच हुते नव्हं? देव्हाऱ्यात सुपाऱ्या पाच मांडायचा तुमी."

अंबूबाई ओसरीवर आणलेल्या अंथरुणावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "टाक चारच हुते, भावजी. पाचवी सुपारी मामंजींच्या नावाची मांडत हुते म्या."

ज्या बाईनं देवासाठी पस्तीस वर्षं परसात खुरपं जाऊ दिलं नाही, ती मरणाच्या अंथरुणावर देवासमोर खोटं बोलत होती. दाराआड उभी धोंडाबाई ते ऐकत होती. कमरेला खोवलेला पत्रा पोटाला रुतत होता.

"आन्‌ घावलं कसं?" आनंदरावानं विचारलं.

"पायानं. माज्या सुनंच्या पायानं. आज डोणीपाशी तिचा पाय आपसूक थांबला."

ओसरीवर एकच गलका झाला. बायकांनी हात जोडले. रखमाजीनं पहिल्यांदा मान वर करून दाराकडं पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद धोंडाबाईनं लग्नातही पाहिला नव्हता. झालं, सगळं फिटलं. घरात मान, गावात मान, म्हातारीचा आशीर्वाद. आता नुसतं गप्प राहायचं होतं.

आनंदरावानं मांडीवर थाप मारली. "मग माजंबी ठरलं. आमच्या परसात आज्यानं काय तरी पुरलंय म्हनत्यात. कामथडीला एक पायाळू पोर हाय, धा वर्सांची. आईबाप गरीब हायती, देतील. धाकट्याला करून आनतो. आतापासनं चालीवली म्हंजी..."

"नगा."

कुणी बोललं ते आधी कुणाला कळलं नाही. भावकीच्या पुरुषांसमोर त्या घरातली सून कधी बोलली नव्हती. धोंडाबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, कमरेचा टाक काढला आणि पाटावर चार देवांच्या शेजारी ठेवला. दिव्याच्या उजेडात भोकातून पाट दिसत होता.

"पाच हुते. पाचवा माज्या सळईनं फुटला. पायानं काय बी घावलं न्हाई. ना हितं, ना कामथडीला, ना कुठं. म्या सळई घातली आन्‌ दुपारपातुर देव वर आले."

आनंदराव ताडकन उठला. "लोखंड घातलंस? देवाला? आन्‌ वयनी, तुमी..."

सगळे अंबूबाईकडं बघत होते. धोंडाबाईला तिकडं बघायचा धीर होईना. मरत्या सासूला तिनं चारचौघांत खोटं पाडलं होतं.

"पाचच हुते," अखेरीस अंबूबाई म्हणाली. "म्या खोटं बोलले. पोर आनू नगासा, भावजी."

"तुमी मला शिकवू नगा! आमच्या परसात पुरलेलं मग काय माज्या बापानं..."

"म्या येते उद्या," धोंडाबाई म्हणाली. "सळई घिऊन येते. दुपारपातुर काय हाय, काय न्हाई, त्ये सांगते तुमाला. पोरीला तिच्या आईपाशी ऱ्हाऊ द्या."

आनंदराव पायताण घालून निघून गेला. त्याच्यामागून भावकीही पांगली. कुणी हळद-कुंकू घेतलं नाही, कुणी नारळ फोडला नाही. रखमाजी पाटावरच्या फुटक्या भवानीकडं बघत बसून राहिला.

अंबूबाई पहाटे गेली. तिला पोचवून माणसं नदीवरून परतली तरी आनंदरावाच्या घरून कुणी भेटायला आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मात्र आनंदरावाची बायको परसाकडच्या वाटेनं आली, दारातच उभी राहिली.

"मालक नसरापूरला गेल्यात, सांजच्याला येतील," ती म्हणाली. "आमच्या परसाचं फाटक उगडं ठिवून आलीया."